रिकामा खड्डा

दादाने सकाळी उठून ट्रॅक्टर धुवायला घेतला, तेव्हाच वहिनीने ओळखलं की स्वारी घाबरली आहे. लग्न झाल्यापासून ती बघत आली होती. भीती वाटली की हा माणूस काहीतरी धुवायला घेतो. थोरली जन्मली त्या दिवशी दवाखान्याच्या दारात उभं राहून त्याने कुणाची तरी सायकल पुसून काढली होती. सायकलवाला बाहेर आला तेव्हा त्याला वाटलं, आपली सायकल चोरीला गेली आणि तिच्या जागी ही कुणाची तरी नवी उभी आहे.

आज ट्रॅक्टर नुसता धुतला नव्हता. मागे नांगर जोडला होता, फाळ घासून चकचकीत केला होता आणि तोंड बरोबर खालच्या तुकड्याकडे करून तो उभा केला होता.

"इतकी घाई?" वहिनीने विचारलं. "आधी बनियनी तर निघू देत."

"तयारी असलेली बरी. संध्याकाळपर्यंत खालचा तुकडा उलथून मोकळा होईन."

"आणि तुमची बहीण जिंकली तर?"

"तर नांगर स्वच्छ झाला, तेवढं तरी झालं," असं म्हणून दादा मोठ्याने हसला आणि बादली उचलताना अर्धं पाणी स्वतःच्या बुटांत ओतून बसला.

हे सगळं सुरू झालं होतं आत्याच्या गुडघ्यांपासून. तीन महिन्यांपूर्वी तिने सगळ्यांना जेवायला बोलावून सांगून टाकलं होतं, की गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, आता मीही देते. थोरल्या भावाच्या दोन्ही पोरांना वाढवून, शेत सांभाळून तिचं आयुष्य गेलं होतं. वरचा तुकडा तिने दादाला करायला दिला होता, खालचा त्याच्या धाकट्या बहिणीला, मुंगीला, आणि मधला स्वतःकडे ठेवला होता. आता तिन्ही तुकडे एका हाताखाली जावेत, एकाच पद्धतीने केले जावेत, एवढंच तिचं म्हणणं होतं. पद्धत कुणाची, ते दोघा भावंडांनी ठरवावं. दोघा भावंडांनी त्या रात्री जे ठरवलं त्यात एक ताटली फुटली.

दादाची शेती म्हणजे बघत राहावी अशी. कापणी झाली की धसकटं जाळायची, मग खोल नांगरट, मग रोटाव्हेटर फिरवून माती पिठासारखी करायची. त्याच्या पेरणीच्या ओळी इतक्या सरळ, की लोक रस्त्यात गाडी थांबवून बघत. मुंगीच्या शेताजवळही गाड्या थांबत, पण वेगळ्या कारणाने. तिथे धसकटं तशीच उभी, त्यांवर पाचटाचा थर, मधूनमधून चवळीचे वेल, आणि या सगळ्यातून मका वाट काढत वर आलेला. "ताई, शेत विकायचंय का?" असं एकाने चांगल्या मनाने विचारलंही होतं. तीन वर्षं तिने तिथे नांगर शिरू दिला नव्हता. पहिल्या वर्षी पीक इतकं कमी आलं, की दादाने सहानुभूती दाखवली, आणि ती सहानुभूती तिला शिवीपेक्षा जास्त झोंबली. दुसऱ्या वर्षी बरं आलं. यंदा दादाच्या जवळपास आलं.

"जवळपास म्हणजे कमीच," दादा म्हणे.

"आणि तुझं दरवर्षी उतरतंय त्याचं काय?" मुंगी म्हणे. मग जेवण गार होई.

ताटली फुटली तेव्हा आत्या उठली आणि तिने वहिनीकडे दादाच्या तीन बनियनी मागितल्या. एकसारख्या, सुती.

"प्रत्येक तुकड्यात एकेक पुरायची," ती म्हणाली. "जिवंत माती सूत खाते. मेलेली जपून ठेवते. तीन महिन्यांनी उकरून बघू. मुंगीची बनियन थोरल्याच्या बनियनीपेक्षा जास्त खाल्लेली निघाली, तर सगळी जमीन तिच्या पद्धतीने. नाहीतर त्याच्या. यात भांडायला जागाच नाही."

आत्याचे अंदाज सहसा चुकत नसत. पण भांडायला जागा नाही अशी गोष्ट या घरात आजवर एकही सापडलेली नव्हती.

"आणि मी जिंकलो तर त्याच दिवशी खालच्या तुकड्यात नांगर," दादाने अट घालून घेतली होती. मुंगीने ताटलीचे तुकडे वेचता वेचता मान डोलावली होती. तीन वर्षांत जे काही खाली जमलं होतं, ते एका दुपारात उलथून जाणार, हे तिला चांगलं माहीत होतं.

बनियनी पुरायचं काम मुंगीच्या नवऱ्याकडे गेलं. तो दातांचा डॉक्टर. त्याला शेतीतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तो निःपक्षपाती, असं आत्याचं मत पडलं.

*

दहाच्या सुमाराला मुंगी आणि डॉक्टर आले. त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर घड्याळकाका होते, मांडीवर उकडलेल्या अंड्यांचं पातेलं धरून. काका म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. बाजारात घड्याळ दुरुस्तीचं दुकान. डोळ्याला लावायचं भिंग कायम शर्टाच्या खिशात. त्यांचं मत कुणाच्या बाजूने आहे हे शोधायचं असेल, तर शेवटचं कुणाच्या हातचं खाल्लं ते विचारावं लागे.

"मुंगीचं म्हणणं मला पटतं," गाडीतून उतरता उतरता ते म्हणाले. त्यांच्या मिशीला अंड्याचा पिवळा बलक लागलेला होता. "जमिनीला सारखं उकरू नये. घड्याळसुद्धा सारखं उघडलं की बिघडतं."

"काका, सरबत घ्या," वहिनी म्हणाली.

काकांनी ग्लास रिकामा केला. "अर्थात, कधीच उघडलं नाही तर आत धूळ साचते, तेही आहेच म्हणा."

दादा मुंगीकडे बघून हसला. मुंगीने ट्रॅक्टरकडे पाहिलं. घासलेला फाळ तिला दिसला आणि तिचं हसू ओठांवर आलं तसंच परत गेलं.

"माझ्यासाठी आरास केलीस होय?" ती म्हणाली.

"तुझ्यासाठी नाही. तुझ्या कचऱ्यासाठी."

"चला," आत्या म्हणाली. तिने हातात काठी घेतली होती, चालायला कमी आणि दाखवायला जास्त. "आधी माझी काढा. माझ्यावर कुणाचा डोळा नाही."

मधल्या तुकड्यात डॉक्टरांनी ठोकलेली लाकडी खुंटी लगेच सापडली. दादाने दोन फावडी माती काढली आणि बनियन वर आली. छातीवर जाळी झालेली, एक खांदा गेलेला, खालची कड कुरतडल्यासारखी. आत्याने ती उन्हात धरली आणि तिच्यातून सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

"एक वर्ष थोरल्याचं ऐकलं, एक वर्ष धाकटीचं. अर्धी खाल्ली, अर्धी ठेवली. मातीपण माझ्यासारखी भिडस्त निघाली."

सगळे हसले. डॉक्टर सगळ्यांत मोठ्याने हसले, कारण खुंटी जागेवर सापडली याचंच त्यांना इतकं हायसं वाटलं होतं.

*

वरच्या तुकड्यात दादाने कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. माती भुसभुशीत होती, पाऊल टाकलं की धुरळा उडत होता. पहिले चार घाव झोकात बसले. पाचव्याला फावडं ठण्ण करून वाजलं.

"दगड असेल," दादा म्हणाला.

तिथे दगड नव्हता. त्याने शेजारी घाव घातला, तिथेही तसंच वाजलं.

"एखादा दात इतका घट्ट बसलेला आला तर मी पेशंटला दुसरीकडे पाठवतो," डॉक्टर म्हणाले.

"फरशी आहे ती," मुंगी खाली बसून मातीवर बोट आपटत म्हणाली. "दादा, दरवर्षी फाळ याच खोलीवर घासत जातो. वरून ट्रॅक्टरचं वजन. वर पीठ केलंयस आणि खाली फरशी घातलीयेस. हे बघ." तिने बांधाजवळचं मक्याचं एक वाळकं खोड उपटलं. त्याची मुळं वीतभर सरळ खाली गेली होती आणि तिथून काटकोनात वळून आडवी पसरली होती. "पाणी इथेच अडतं, मुळं इथेच अडतात. तू वरून खत घालतोस, ते पावसात वाहून ओढ्याला जातं. ओढ्यातलं गवत बघितलंस का किती माजलंय?"

"ओढ्यातलं गवत छान आहे," काका म्हणाले. कुणीच त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

बनियन त्या कडक थराच्या वरच सापडली. दादाने ती झटकली. धूळ उडाली आणि आत पांढरी स्वच्छ बनियन निघाली. भोक नाही, विरलेली नाही, गळ्याची पट्टीसुद्धा ताठ.

"धुतली की घालता येईल," दादा म्हणाला.

खरं तर बनियन बघून तो मनातून चरकला होता. फरशीचं त्याला आज पहिल्यांदा कळलं, असं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी खांब रोवताना पहार अडली होती तेव्हाच शंका आली होती. पाऊस पडून गेला की वरच्या तुकड्यात तळी साचत, दोन दिवसांनी तोच तुकडा भेगाळे. दरवर्षी तो खताच्या गोण्या वाढवत होता आणि दरवर्षी कणसं थोडी लहान होत होती. हे त्याने कुणाजवळ कबूल केलं नव्हतं. वहिनीलाही ते माहीत नाही, अशी त्याची समजूत होती. पण शेत नांगरायचं नाही, तर मग करायचं काय? हातात स्टिअरिंग घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाणं, मागे वळून बघावं तर काळी माती उलटत चाललेली. यापलीकडे आपल्याला काय येतं, हे त्याने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

"चला खाली," तो म्हणाला. "अजून एक राहिलीय. तिच्यातही काही फार फरक नसेल."

*

खालच्या तुकड्यात काकांनी फावडं हिसकावून घेतलं. वर दादाला किती जोर लावावा लागला ते त्यांनी पाहिलं होतं. सत्तरीतही आपण काही कमी नाही हे दाखवायची ही संधी त्यांना सोडवेना. त्यांनी बाह्या सरसावल्या, फावडं डोक्यावर नेलं आणि सगळा जीव एकवटून खाली आणलं. फावडं दांड्यापर्यंत मातीत गेलं. काका त्याच्यामागोमाग गेले.

"लागलं का?" वहिनी धावली.

"छे," काका पाचटात बसूनच म्हणाले. "मऊ आहे. इथे झोपता येईल."

मुंगीने हसत हसत त्यांना उठवलं आणि फावडं स्वतः घेतलं. माती काळसर होती, कुरमुऱ्यांसारखी मोकळी, हाताला गार लागणारी. प्रत्येक फावड्याबरोबर दोनचार गांडुळं वर येत आणि घाईघाईने पुन्हा आत शिरत. मुळांचं तर जाळंच होतं. चवळीची, मक्याची, गवताची, सगळी एकमेकांत गुंतलेली. तिने मुळांचे पुंजके उचलून बाजूच्या ढिगावर टाकले. आणखी खोदलं. मग खुंटीच्या डाव्या बाजूला, मग उजव्या.

बनियन नव्हती.

तिने खड्डा रुंद केला. आता त्यात एखादी खुर्ची बसली असती. तरी बनियन नव्हती.

"संपली!" मुंगी ओरडली. "आख्खी खाल्ली! दादा, बघ, काही शिल्लक ठेवलं नाही!"

दादाने खड्ड्यात डोकावून पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. ट्रॅक्टर धुतल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या अंगात जरा जोम आला.

"मला तर रिकामा खड्डा दिसतोय," तो म्हणाला.

"रिकामाच असणार! खाल्ली म्हणजे रिकामाच!"

"पुरलीच नसेल तरी रिकामाच. आता मी असा कुठेही खड्डा खणतो आणि म्हणतो, इथे माझी कपाटभर बनियनी होत्या, सगळ्या मातीने खाल्ल्या. मानशील?"

"डॉक्टरांनी पुरलीय. तूच होकार दिला होतास त्यांना!"

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पुरली होती," ते म्हणाले. "बहुतेक."

"बहुतेक?" मुंगीचा आवाज असा काही चिरकला, की शेजारच्या झाडावरचे पक्षी उडाले.

"म्हणजे, त्या दिवशी मी वरची पुरली. मधली पुरली. ते पक्कं. इथे आलो, खड्डा खणला, खुंटी ठोकली. आणि फोन आला. एका आजोबांची कवळी घशात अडकली होती. मी पळालो. पळण्याआधी बनियन खड्ड्यात टाकून घाईत माती लोटली होती. टाकली असणारच. हातात तर नव्हती."

"गाडीत?"

"गाडीत एक पांढरं फडकं होतं खरं नंतर," डॉक्टर कसनुसं तोंड करून म्हणाले. "मी त्याने काच पुसली. पण ते फडकंच असावं."

दादा हसायला लागला. त्याला थांबताच येईना. काकांनाही हसू फुटलं. वहिनीने पदराआड तोंड लपवलं. हसली नाही ती फक्त मुंगी. ती खड्ड्याच्या काठावर उभी होती आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं.

ती रडकी कधीच नव्हती. लहानपणी मातीत इतकी बसलेली असायची म्हणून तर मुंगी हे नाव पडलं होतं, आणि कितीही मुंगी म्हणून चिडवलं तरी कधी रडली नव्हती. पण तीन वर्षं लोकांचं हसणं तिने झेललं होतं. पहिल्या वर्षी तण काढून काढून नखं काळी पडली होती. खालची माती बदलतेय हे तिला पायांना कळत होतं, वासाने कळत होतं, पण दुसऱ्याला दाखवता येईल असं हातात काही लागत नव्हतं. आज दाखवायची वेळ आली, तर जिंकल्याची खूण म्हणून तिच्याजवळ नुसता खड्डा होता. आणि नवरा होता, ज्याने बहुतेक त्या बनियनीने गाडीची काच पुसली होती.

"आत्या, तू सांग," ती म्हणाली. "ही माती बघ. फावडं कसं गेलं ते बघितलंस. काका अर्धे आत गेले."

"बघितलं गं," आत्या म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "मन काय म्हणायचं ते म्हणतंय. पण ठरलं होतं बनियनीवर. बनियन नाही तर निकाल नाही. शब्द दिलेला आहे, तुला आणि त्यालाही. जास्त खाल्लेली निघाली तर तुझी पद्धत. निघालीच नाही..."

"नाही तर माझी," दादाने वाक्य पुरं केलं. तो आता हसत नव्हता. त्याने खिशातून ट्रॅक्टरची किल्ली काढली आणि उगाचच तळहातावर खालीवर केली. "मुंगे, रागावू नकोस. खेळ आहे शेवटी."

"तुझ्यासाठी खेळ आहे," मुंगी म्हणाली.

दादा ट्रॅक्टरकडे चालू लागला. चालताना त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

*

वहिनी खड्ड्याजवळ उभी होती, पण तिची नजर खड्ड्यात नव्हती. ती बाजूच्या मुळांच्या ढिगाकडे बघत होती. काका मुंगीचं सांत्वन करत होते तेव्हापासून ती तिथेच बघत होती. ढिगाच्या कडेला एक बारीक, तपकिरी मूळ होतं. ते फारच सारख्या जाडीचं होतं. आणि त्याला एकसारख्या अंतरावर लहान लहान पीळ होते.

वहिनीने ते पाहताक्षणीच ओळखलं होतं. शिलाई मशीनचे टाके ती ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

आणि ओळखल्यावर ती गप्प राहिली होती. बोललं तर नवरा हरणार. चार माणसांसमोर, बायकोच्या तोंडून हरणार. संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा काहीतरी धुवायला काढणार. न बोललं तर कुणालाच कळणार नव्हतं. ढीग पाचटात मिसळून जाईल, त्यावरून नांगर जाईल.

पण तिला वरच्या तुकड्याचं सगळं माहीत होतं. गोण्या कोण उतरवून घेत होतं? तीच. कणसं कोण सोलत होतं? तीच. वारा सुटला की वरच्या तुकड्याची माती उडून स्वयंपाकघरात येऊन बसे, आणि ती ओट्यावरून शेत पुसून काढी. दोन वर्षं हा माणूस झोपेत कूस बदलत होता आणि दिवसा सरळ ओळींची फुशारकी मारत होता. आज हा जिंकला तर खालच्या तुकड्याचीही फरशी होईल, आणि हा आणखी जोरात फुशारकी मारेल.

ट्रॅक्टर एकदा खोकला.

"अहो!" वहिनीने हाक मारली. "बंद करा ते आधी! इकडे या!"

"काय झालं?"

"तुमची बनियन सापडली!"

दादा आला. डॉक्टर, काका, आत्या, सगळे जमले. वहिनीने ढिगाशी बसून ते मूळ दोन बोटांनी हळूच उचललं. उचलता उचलता ते लांबत गेलं. त्याच्या मागून दुसरं आलं, मग त्याला जोडलेलं तिसरं. तिने माती झटकली आणि सगळं पाचटावर पसरून ठेवलं. मधे कापड नव्हतंच. एक गोल गळ्याचा होता, दोन लांबट गोल हातांचे, दोन सरळ रेषा बाजूच्या आणि एक लांब वळसा खालच्या कडेचा. नुसत्या टाक्यांची बनियन.

"हे मूळ आहे," दादा म्हणाला.

"हा दोरा आहे. तुमच्या बनियनी मी घरी शिवते. कापड सुती, पण दोरा सुती नाही. तो कुजत नाही."

"बनियनीला तपकिरी दोरा?"

वहिनी लाल झाली. "पांढरा संपला होता. दुकान लांब. म्हटलं, आतल्या बाजूने आहे, कोण बघतंय?"

"म्हणजे मी वर्षभर तपकिरी दोऱ्याच्या बनियनी घालतोय?"

"दोन वर्षं," वहिनी म्हणाली.

काकांनी तोवर भिंग डोळ्याला लावलं होतं. एका हातात वरच्या तुकड्यातली आख्खी बनियन उलटी करून धरली होती, दुसऱ्या हातात खालचे टाके. "तोच दोरा," त्यांनी जाहीर केलं. "तोच टाका. तोच पीळ. मी तर सुरुवातीपासून सांगत होतो."

डॉक्टर मटकन खाली बसले. "पुरली होती!" ते आनंदाने ओरडले. "मी पुरली होती! ते फडकं फडकंच होतं!"

मुंगीने वहिनीला इतकी घट्ट मिठी मारली, की वहिनीचा तोल गेला आणि दोघी पाचटावर आपटल्या. आत्या डोळे पुसत हसत होती. काठी तिने केव्हाच टाकून दिली होती.

दादा तेवढा उभा होता. त्याने वाकून गळ्याचा टाका उचलला आणि त्यातून बोट फिरवलं. त्या गोलात थोडी माती अडकली होती. त्याने ती चुरडली, हुंगली.

"तू बोलली नसतीस तर चाललं असतं," तो वहिनीला म्हणाला.

"तुम्हाला चाललं नसतं," ती उठून बसत म्हणाली. "आता दोन वर्षांनी तरी नीट झोपाल."

दादाने तो टाका जपून खाली ठेवला. मग तो मुंगीकडे वळला आणि अगदी लहान मुलाने विचारावं तसं त्याने विचारलं, "मग आता मी काय करू?"

"म्हणजे?"

"नांगरायचं नाही. जाळायचं नाही. रोटाव्हेटर नाही. मला दुसरं काही येत नाही गं."

मुंगीला हसू आलं. ती कपाळावरची माती पुसायला गेली आणि माती आणखीच पसरली.

"दादा, माझं पीक तुझ्या 'जवळपास' का राहिलं, माहितीये? माती चांगली झाली तरी? माझ्या ओळी बघ जरा."

दादाने पाहिलं. खरं तर तो तीन वर्षं बघत होता आणि बघून त्याचे हात शिवशिवत होते. ओळी वेड्यावाकड्या होत्या, मधेच हातभर मोकळ्या, मधेच दाटीवाटीने.

"पाचटातून पेरायचं म्हणजे पेरणी यंत्र सारखं सटकतं," मुंगी म्हणाली. "मला सरळ नेताच येत नाही. बी कधी वर राहतं, कधी पाचटात अडकतं. जिथे मोकळं राहतं तिथे तण माजतं. मला या घरात असा एकच माणूस माहितीये, जो डोळे मिटूनही ट्रॅक्टर सरळ नेतो. तीन वर्षं त्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही, कारण तो येताना नांगर जोडून येईल अशी भीती होती."

दादा उकिडवा बसला आणि एका डोळ्याने ओळ निरखू लागला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्याने तळहात मातीवर ठेवून दाबला. हात मनगटापर्यंत गेला. त्याने तो तसाच आत ठेवला.

"पेरणी यंत्राच्या पुढे धसकटं कापणारी तबकडी लावावी लागेल," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "आणि वजन कमी करायला हवं. टायरमधली हवा उतरवली तर भार पसरेल. वरच्या तुकड्याची फरशी फुटायला किती वर्षं लागतील?"

"खोल मुळांचं काहीतरी पेरू. तीन-चार वर्षं."

"लागू देत."

आत्याने निकाल सांगायला तोंड उघडलं. कुणी ऐकलं नाही. डॉक्टर आनंदाच्या भरात काकांचे दोन्ही हात धरून खड्ड्याभोवती नाचत होते, आणि दोघांचं मिळून वजन काही थोडंथोडकं नव्हतं. दादाचा हात अजून मातीतच होता. त्याला ते पावलांचे धक्के तळहाताला जाणवले. तो ताडकन उठला.

"अहो डॉक्टर! काका! थांबा! नाचताय काय!" त्याचा आवाज तिन्ही तुकड्यांवरून गेला. "बांधावर व्हा सगळे! आधी बांधावर व्हा! माती दाबली जातेय!"